तिकीट तांबडे, शिक्का काळा!

घरी आलेल्या जुन्या पाकिटावरचे तिकीट नीट न्याहाळा. त्यावरचा टपाल कचेरीचा शिक्का बहुधा काळाच असतो. असे का? या साध्या प्रश्नामागे लबाडी आणि रसायनशास्त्र यांची झुंज आहे.

१८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालहशील बहुधा पत्र घेणारा भरत असे. अंतर वाढले की हशीलही वाढे. गरिबाला ते परवडत नसे. लोकांनी युक्ती काढली. पत्ता लिहिताना ठरलेली खूण करायची; घेणाऱ्याने ती पाहून ‘सर्व कुशल’ असे ओळखायचे आणि पत्र परत करायचे! टपाल खात्याची हमाली फुकट.

रोलंड हिल यांनी उपाय सुचवला: पैसे आधीच भरावेत आणि दर इतका स्वस्त असावा की लबाडीचा मोहच होऊ नये. १८४० पासून अर्ध्या औंसाचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले. पैसे आधी न भरल्यास दुप्पट हशील! त्याच वर्षी मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे जगातील पहिले चिकटवायचे तिकीट आले.

पण काळ्या तिकिटावर तांबडा शिक्का मारीत. काही लोक ती शाई धुऊन तिकीट पुन्हा वापरू लागले. असे चालले तर स्वस्त दर टिकणार कसा?

मग खात्याने रंगांची अदलाबदल केली. १८४१ पासून तिकीट तांबडे, शिक्का काळा. छपाईच्या काळ्या शाईत काजळी, म्हणजे कार्बन असतो. तो पाण्यात विरघळत नाही, साध्या रसायनांनाही दाद देत नाही. तिकिटाचा रंग मात्र नाजूक ठेवला. शिक्का काढायला जावे, तर आधी तिकीटच बिघडावे!

कोणी दोन तिकिटांचे कोरे भाग जोडतील, म्हणून १८५८ पासून हळूहळू चारही कोपऱ्यांत अक्षरे आली. खालची जोडी वर उलट्या क्रमाने; जोडकाम केले की क्रम चुके. २०२२ पासून तर ब्रिटनच्या नित्याच्या तिकिटांवर बारकोड आहे, प्रत्येकावर निराळा.

आता प्रयोग करा. कागदावर एक रेघ धुतली जाणाऱ्या निळ्या शाईने, दुसरी पेन्सिलीने ओढा. कागद पाण्यात बुडवा. पेन्सिलीतील ग्रॅफाइट हाही कार्बनच. कोणती रेघ टिकली? शिक्क्यासाठी तुम्ही कोणती शाई निवडाल, तेही सांगा.