पंचगंगेची पातळी पोस्ट करताय? मग ‘आज’ हा शब्द टाळा

जुलैत घाटमाथ्यावर दोन-तीन दिवस सलग पाऊस झाला की कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच आकडा फिरू लागतो: राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या नदीकाठच्या गावांत जनावरं आत्ता हलवायची की सकाळी, हे हा आकडा बघून ठरतं. तो चुकला तर गोठा रिकामा करायला उशीर होतो, नाहीतर भर पावसात उगाच धावपळ होते.

सगळ्यात मोठा घोळ ‘आज’ या शब्दाने होतो. “आज सकाळी पाणी ४२ फुटांवर” ही पोस्ट सकाळी खरी असते. रात्री ती चौथ्या ग्रुपवर पोहोचते तेव्हा पाणी चढलेलं किंवा उतरलेलं असतं, पण मजकुरात ‘आज सकाळी’ तसंच राहतं. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तो पुढे पाठवल्याची वेळ दिसते, मूळ मेसेज कधी लिहिला ते दिसत नाही. म्हणून ठिकाण, वर्षासह पूर्ण तारीख, पातळी मोजल्याची वेळ आणि मग आकडा, हे सगळं एकाच ओळीत लिहावं. दोन ओळी केल्या की कॉपी करताना एक हमखास गळते.

४२.९ मोठं की ४२.१०?

पंचगंगेची पातळी फूट आणि इंचांत सांगतात. घाईत टाइप करताना ४२ फूट १० इंचाचं ‘४२.१०’ होतं. आधीची पोस्ट ‘४२.९’ असेल, तर शाळेत दशांश शिकलेल्या वाचकाला पाणी उतरल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते एक इंचाने चढलेलं असतं! टिंब देऊ नये, ‘फूट’ आणि ‘इंच’ हे शब्दच लिहावेत.

विसर्गाच्या आकड्यांतही असंच होतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे क्युसेकच्या ३५ पट. एका अक्षराच्या फरकाने ओढ्याचा महापूर होऊ शकतो. “राधानगरीचे दरवाजे उघडले” एवढंच लिहिणंही अपुरं आहे. हे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबाने उघडतात आणि पाणी कमी झालं की मिटतात. एका दरवाज्यातून सुमारे १,४२८ क्युसेक पाणी येतं. सातपैकी किती दरवाजे उघडे आहेत, ते लिहिल्याशिवाय त्या पोस्टमधून काहीच कळत नाही.

जुने फोटो

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, वाहतूक बंद पडली. ते फोटो आजही हजारो फोनमध्ये आहेत. आठवण म्हणून टाकायला हरकत नाही, पण वर्ष फोटोवरच लिहावं. फोटो सेव्ह करून पुढे पाठवला की खालची कॅप्शन मागेच राहते, आणि जुना फोटो बघून एखादा पेशंटला घेऊन निघालेला माणूस लांबचा रस्ता धरतो. आजच्या पातळीचं मात्र उलट आहे. ती रंगीत ग्राफिकमध्ये न घालता साध्या मजकुरात द्यावी, म्हणजे बदलता येते.

चूक झालीच तर?

गुपचूप डिलीट करणं हा सगळ्यात वाईट उपाय. मूळ पोस्ट जाते, स्क्रीनशॉट फिरत राहतात आणि खरं काय ते तपासायला जागा उरत नाही. फेसबुकवर तीच पोस्ट एडिट करून वरच ‘दुरुस्ती’ असं लिहावं. चुकीचा आकडा, बरोबर आकडा आणि वेळ तिन्ही द्यावीत.

व्हॉट्सअॅपवर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो. तो बदल आधीच फॉरवर्ड झालेल्या प्रतींपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे चुकीच्या मेसेजलाच रिप्लाय करून दुरुस्ती टाकावी आणि जिथे जिथे तो आपण पाठवला होता, त्या प्रत्येक ग्रुपवर तीच पाठवावी. इन्स्टाग्रामवर कॅप्शन बदलते, फोटो बदलत नाही. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवा व्हिडिओ चढवता येत नाही, पण शीर्षक बदलता येतं. तिथे सुरुवातीलाच तारीख टाकावी, कारण फोनवर शीर्षकाचे पहिले काही शब्दच दिसतात.