स्पॅनिशमधील 'नको'

'बोल' यास स्पॅनिशमध्यें 'आब्ला' म्हणतात. 'बोलूं नकोस' म्हणावयाचें तर नवशिका त्यामागें 'नो' ठेवून मोकळा होतो. आम्हींही प्रथम हेंच केलें. पण 'नो आब्ला' म्हणजे 'तो बोलत नाहीं'! आज्ञा राहिली बाजूलाच.

निषेध येतांच क्रियापदाचा अंत्य स्वर पालटून पुढें 'स' लागतो. 'आर'-अंती धातूंत 'आ'चा 'ए' होऊन 'नो आब्लेस'. 'एर' व 'ईर'-अंती धातूंत उलट 'आ' येऊन 'नो कोमास' (खाऊं नकोस), 'नो एस्क्रीबास' (लिहूं नकोस). आदरार्थी एकवचनांत मात्र दोन्हींकडे एकच रूप : 'आब्ले', 'नो आब्ले'.

आम्हां मराठी माणसांस याचें नवल कां वाटावें? 'बोल'पुढें नुसतें 'नको' ठेवून आपलें तरी कोठें भागतें? 'बोलूं' करावेंच लागतें.