गॅस गीझर : तक्रारी, कारणे आणि दक्षता

न्हाणीघरातील तांब्याचा बंब इतिहासजमा झाला आणि त्याची जागा गॅस गीझरने घेतली. कळ न दाबता, नळ उघडताच गरम पाणी देणारे हे उपकरण सोयीचे खरे. परंतु थंडीच्या दिवसांत नेमक्या आंघोळीच्या वेळी ते रुसून बसते. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते आणि थोड्या निरीक्षणाने ते घरच्या घरी ओळखता येते.

या उपकरणाची रचना साधी आहे. नळ उघडला की पाण्याच्या दाबाने आतील पडदा सरकतो, त्यामुळे विजेचे मंडल पूर्ण होते, ठिणगी पडते आणि गॅसचा मार्ग खुला होऊन बर्नर पेटतो. तक्रारीचे मूळ शोधताना हाच क्रम ध्यानात ठेवावा.

नळ उघडूनही ‘टिक-टिक’ आवाज येत नसेल तर प्रथम सेल बदलावेत. बहुतेक गीझरमध्ये मोठ्या आकाराचे दोन सेल असतात. ते दोन्ही एकाच वेळी नवे घालावेत. सेल नवे असूनही आवाज नसेल, तर पाण्याचा दाब अपुरा आहे असे समजावे. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी जवळच असल्याने दाब कमी मिळतो. पाणी आत येते तेथील जाळीत गाळ अडकूनही असेच होते.

ठिणगी पडते, पण ज्योत पेटत नाही, अशा वेळी सिलिंडर रिकामा आहे काय, रेग्युलेटर नीट बसला आहे काय, हे पाहावे. नवा सिलिंडर जोडल्यावर नळीतील हवेमुळे पहिले एक-दोन प्रयत्न वाया जाऊ शकतात. ज्योत पेटून लगेच विझत असेल, तर ज्योतीची जाणीव घेणाऱ्या दांडीवर काजळी धरलेली असण्याची शक्यता असते. पाणी पुरेसे तापत नसेल, तर बटण उन्हाळ्याच्या खुणेवर राहिले आहे काय ते तपासावे. बोअरच्या जड पाण्याने आतील नळीत क्षार साचल्यासही हीच तक्रार उद्भवते. काही वेळाने गीझर आपोआप बंद होणे हा मात्र नेहमीच बिघाड नसतो. अनेक गीझरमध्ये सुमारे 20 मिनिटांनी बंद होण्याची सुरक्षा योजना असते.

पेटताना ‘भप्प’ असा आवाज होत असेल किंवा ज्योत निळी नसून पिवळी दिसत असेल, तर मात्र वापर तत्काळ थांबवून जाणकार कारागिराला बोलवावे. पिवळी ज्योत अपुऱ्या ज्वलनाची खूण आहे. त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. प्राणवायूच्या तुलनेत तो रक्तातील हिमोग्लोबिनशी दोनशे पटींहून अधिक घट्ट बांधला जातो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे. परंतु ती उमगण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि कडी आतून लावलेली असते.

म्हणून गीझर न्हाणीघरात बसवूच नये. मोकळ्या गॅलरीत बसवून केवळ पाण्याची नळी आत न्यावी. जेथे तूर्त ते शक्य नाही, तेथे दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीस जावे. दिवाळीच्या पहाटे घरातील सर्वांची अभ्यंगस्नाने एकामागून एक होतात. त्या दिवशी ही खबरदारी विशेष घ्यावी. कोणी बेशुद्ध आढळल्यास दारे-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, विनाविलंब रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना गीझर चालू होता हे आवर्जून सांगावे.

गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून घराबाहेर जावे आणि 1906 या क्रमांकावर कळवावे. गळतीची शंका साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी पेटवून कधीही नव्हे.

वर्षातून एकदा, शक्यतो थंडीपूर्वी, गीझरची साफसफाई करून घ्यावी. त्यासाठी होणारा खर्च हा घरातील माणसांच्या सुरक्षिततेचा हप्ताच आहे. तो चुकवू नये.