बाळाच्या चेहऱ्यावरची लाल गाठ : दोष आईचा नाही

सिंदी परिसरात आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एखाद्या बाळाच्या गालावर किंवा ओठावर लाल, फुगीर गाठ दिसते. "हिने ग्रहण पाळलं नाही," म्हणून बोल आईलाच लागतो. हे साफ खोटे आहे. ही रक्तवाहिन्यांची जास्तीची वाढ असते. तिचे मुख्य प्रकार दोन.

पहिला हिमँजिओमा. तो जन्मानंतर काही आठवड्यांत दिसतो, पहिल्या चार-पाच महिन्यांत झपाट्याने वाढतो, मग काही वर्षांत ओसरतो. दुसऱ्या प्रकारात रक्तवाहिन्यांची घडणच जन्मतः चुकलेली असते. ती गाठ मुलासोबत वाढते, आपोआप जात नाही.

डॉक्टर बहुधा पाहून आणि विचारून ओळखतात. शंका राहिली तर गाठीचा छोटा तुकडा तपासतात. पेशींत साखर पोचवणारे 'ग्लट-१' हे प्रथिन लहान बाळांच्या हिमँजिओमाच्या रक्तवाहिन्यांत सापडते, दुसऱ्या प्रकारात सापडत नाही.

हा फरक महत्त्वाचा, कारण उपचार वेगळे. हृदयविकारावरचे प्रोप्रॅनोलॉल हिमँजिओमा आटवते, हे २००८ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी दाखवले. दुसऱ्या प्रकारावर ते चालत नाही. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे.

गाठ डोळ्याजवळ, ओठावर, हनुवटी-गळ्यावर असेल, तिला जखम झाली किंवा श्वासाला आवाज येत असेल, तर थांबू नका. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहे. गाठ प्रथम कधी दिसली, ती तारीख लिहून ठेवा. अंगारा लावण्यात ते पहिले महिने घालवू नका.