उजेड कुणाच्या डोळ्यांत?

ट्रकच्या पाठीवरचा मजकूर हा आपल्याकडचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. कुलदैवताचे नाव, पोरांची नावे, वाईट नजरेने पाहणाऱ्याला दिलेला शाप, आणि या सगळ्याच्या खाली कोपऱ्यात इंग्रजीतून केलेली एक विनंती : 'यूज डिपर ॲट नाइट'. मागून येणाऱ्या गाडीचा अप्परचा झोत आरशातून थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत शिरतो, म्हणून ही विनवणी. गेली कित्येक वर्षे रंगारी ती इमानेइतबारे रंगवीत आहेत. तिचा मान किती जण ठेवतात, हे रात्रीच्या एस.टी.त ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून प्रवास केलेल्या कुणालाही विचारावे. समोरून एकामागून एक पांढरे गोळे येत असतात, आणि त्या गोळ्यांच्या मधे कुठेतरी रस्ता असावा, या श्रद्धेवर आपली गाडी पुढे जात असते.

अलीकडे हे गोळे जास्त पांढरे आणि जास्त मोठे झाले आहेत. ते का झाले, हे मला आमच्या आळीतल्या अण्णांमुळे नीट समजून घ्यावे लागले.

अण्णांचा स्वतःचा ट्रक आहे. साताऱ्याच्या बाजूचे आले आणि भाजी भरायची, संध्याकाळी निघायचे, पहाटेपूर्वी वाशीच्या बाजारात पोहोचायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. वय अठ्ठावन्न. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, एवढ्या आधारावर एके रविवारी ते माझ्याकडे आले.

"सर, गाडीच्या लाइटात आता दम राहिला न्हाई बगा. खंबाटकीत समोरून गाडी आली की रस्ताच दिसंना. वायरमन म्हणतो शंभर-नव्वदचे बल्ब टाका. पोरगं म्हणतं एलईडी टाकू. तुम्ही सांगा, काय टाकू?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधता शोधता आमचे तीन रविवार गेले.

बल्बच्या पोटात

मोठ्या ट्रकची विजेची यंत्रणा २४ व्होल्टची असते. बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ती केलेली असते. अण्णांच्या गाडीत होता तो 'एच-४' जातीचा हॅलोजन बल्ब. वाहनांच्या दिव्यात हॅलोजन आला तो १९६२ मध्ये युरोपात. एकाच बल्बात अप्पर आणि डिपर अशा दोन तारा असलेला एच-४ आला १९७१ मध्ये. साध्या बल्बात टंगस्टनची तार तापून झिजते आणि तिची वाफ काचेवर काजळीसारखी बसते. हॅलोजन बल्बात आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश असतो. तो ही वाफ पकडून पुन्हा तारेकडे आणून सोडतो. त्यामुळे काच स्वच्छ राहते आणि तार जास्त तापवता येते. या काचेला बोट लावू नये, असे वायरमन सांगतात ते खरेच आहे. बोटाचे तेल तापते, त्या जागी काच कमकुवत होते आणि बल्ब अवेळी जातो.

एच-४ मधली खरी करामत मात्र वेगळीच आहे. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. तारेचा खाली जाणारा प्रकाश ती अडवते. म्हणून परावर्तकाच्या, म्हणजे दिव्याच्या चकचकीत वाटीच्या, फक्त वरच्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून तो खाली रस्त्याकडे वळतो. शिवाय आपण डावीकडून गाड्या चालवतो, म्हणून झोताची कड डाव्या बाजूला थोडी वर चढलेली ठेवतात. पायी चालणारा, सायकलवाला, मैलाचा दगड त्यात दिसावा, आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होऊ नये. हा सगळा हिशेब तार नेमक्या ठरलेल्या जागी आहे, असे धरून केलेला असतो. ती एक-दोन मिलिमीटर सरकली तरी झोत विस्कटतो.

एलईडीची अडचण इथेच आहे. एलईडी वाईट नाही. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, आणि आज घराघरांत जो पांढरा उजेड आहे तो त्याच निळ्या प्रकाशावर पिवळा लेप चढवून केलेला आहे. कारखान्यातच एलईडीसाठी घडवलेला हेडलाइट उत्तम काम देतो. पण हॅलोजनसाठी घडवलेल्या वाटीत बाजारातला एलईडी खोचला की प्रकाशाचे उगमस्थान बदलते. उजेड भरपूर पडतो, पण तो जिथे पडायला हवा तिथे पडेलच असे नाही. बराचसा गाडीच्या नाकापुढे सांडतो, बराचसा समोरच्याच्या तोंडावर जातो. गंमत अशी की नाकापुढचा रस्ता लख्ख दिसला की चालवणाऱ्याला वाटते, आता छान दिसते आहे. प्रत्यक्षात त्या लख्खपणाला डोळा सरावतो आणि लांबचे कमीच दिसते. जर्मनीत २०२० मध्ये असे बदली एलईडी वापरायला परवानगी मिळाली, पण सरसकट नव्हे. ज्या बल्बची ज्या गाडीच्या दिव्यात चाचणी झाली, तेवढ्याच जोडीला.

वाटेत सांडलेला उजेड

मग शंभर-नव्वदचे बल्ब? २४ व्होल्टच्या एच-४ चे ठरलेले माप आहे ७५ आणि ७० वॉट. त्या जागी शंभर-नव्वद घातला की वीज जास्त खेचली जाते. तार, होल्डर, स्विच सगळे तापते. होल्डरचे प्लॅस्टिक वितळते, वायरीचे आवरण करपते, आणि गाडी पेटायला एवढे पुरते. कारखान्याने दिलेल्या मापात असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचीही आडकाठी आहे.

म्हणून बल्बला हात लावण्याआधी आम्ही मीटर घेऊन बसलो. इंजिन चालू असताना बॅटरीवर २८ व्होल्ट दिसत होते. हेडलाइट लावून बल्बच्या होल्डरवर पाहिले, तर २५. तीन व्होल्ट वाटेतच गायब. अण्णा म्हणाले, "तिनानं काय होतंय?"

बरेच होते. बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप वेगाने होतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे अण्णांच्या दिव्यांचा सुमारे एक-तृतीयांश उजेड वायरीतच खर्ची पडत होता. आणि असल्या वायरिंगवर आणखी मोठा बल्ब लावला असता तर वीज जास्त वाहिली असती आणि गळतीही वाढली असती.

कारण सापडायला वेळ लागला नाही. मागे कधीतरी कुणीतरी हेडलाइटचा रिले बाजूला काढून स्विचमधूनच थेट जोड दिला होता. वायर बारीक, सांधे चिकटपट्टीचे, अर्थिंगच्या नटाखाली गंज. वायरमनने रिले पुन्हा बसवला, बॅटरीपासून जाड वायर ओढली, तिला बॅटरीजवळच फ्यूज दिला, अर्थिंगचा पत्रा घासून चकचकीत केला. स्विचने फक्त रिलेला हुकूम द्यायचा आणि खरी वीज जाड वायरीतून जायची, अशी ही रचना. होल्डरवर आता साडेसत्तावीस व्होल्ट येऊ लागले. बल्ब नवे टाकले, पण ठरलेल्या मापाचेच आणि चांगल्या बनावटीचे. दिव्यांच्या पिवळट, ओरखडलेल्या काचा बदलल्या. पुढची मोठी काच आतून पुसली. डॅशबोर्डची धूळ आणि उदबत्तीचा धूर यांचा तिच्यावर थर बसला होता, आणि समोरचा प्रकाश त्या थरात पसरून सगळी काच दुधाळ करत होता.

पिवळा बल्ब धुक्यात जास्त दिसतो, ही समजूतही अण्णांची होती. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्यापासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे दिवे सक्तीचे होते, त्यामुळे या समजुतीला वजन आले असावे. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते पिवळा आणि पांढरा असा भेद करत नाहीत. धुक्यात उपयोगी पडतो तो खालच्या उंचीवरचा, पसरट झोत आणि कमी वेग.

एका अंशाची गोष्ट

दुसऱ्या रविवारी गाडी भिंतीसमोर उभी केली. दिव्याचा झोत दहा मीटरवर किमान दहा सेंटिमीटर खाली उतरला पाहिजे, आणि ट्रकचे दिवे उंचावर असतात म्हणून त्याहूनही थोडा जास्त. अण्णांचा डावा दिवा जमीन पाहत होता आणि उजवा आकाश. झोत फक्त एक अंश वर गेला तर पन्नास मीटरवर तो ८७ सेंटिमीटर उंच जातो. म्हणजे रस्त्यावर पडायचा उजेड बरोबर समोरच्या मोटारवाल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

यात माल भरण्याचाही भाग आहे. हौदा भरला की मागचे पाटे दबतात, नाक वर होते आणि दिवेही वर पाहू लागतात. रिकाम्या गाडीवर जुळवलेले दिवे भरल्या गाडीत समोरच्याला आंधळा करतात. म्हणून आम्ही दिवे माल भरल्यावर पुन्हा जुळवले. स्क्रू फिरवण्याचे काम. त्याला बल्ब बदलण्याइतकेही पैसे पडत नाहीत.

समोरचा दिपला तर आपले काय बिघडते, असे वाटणाऱ्यांसाठी एक हिशेब. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. प्रखर प्रकाशाने दिपलेला डोळा सावरायला तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात ती पन्नास मीटर गेलेली असते. चालवणारा त्या पन्नास मीटरमध्ये काहीही पाहत नसतो, आणि तो आपल्याच दिशेने येत असतो. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. ती सगळी दिव्यांमुळे गेली असे कुणीच म्हणणार नाही. पण रात्रीचा महामार्ग पाहिलेल्या माणसाला त्यातला एक वाटा दिव्यांचा आहे, हे सांगावे लागत नाही.

राहिलेला प्रश्न

इतके सगळे झाल्यावर अण्णांनी दोन फेऱ्या केल्या. रस्ता आता पुष्कळ चांगला दिसतो, म्हणाले. आणि मग जरा थांबून, "पर समोरून गाडी आली की अजून तसंच हुतंय. दिव्याभोवती काटं काटं दिसत्यात, तारा फुटल्यागत."

हे वायरिंगचे लक्षण नव्हते. माणसाच्या डोळ्यात वयानुसार पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड घटत जातो. विशीच्या मानाने साठीला तो सुमारे एक-तृतीयांश उरतो. बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग पिवळसर होते. त्यात मोतीबिंदूची सुरुवात झाली असेल तर धुरकट भिंगातून प्रकाश पसरतो आणि दिव्याभोवती वलये, काटे दिसतात. दिवसा त्याच माणसाला पाटी स्वच्छ वाचता येते, म्हणून त्याचा संशयही येत नाही.

मी म्हणालो, "अण्णा, आता डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ."

अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "आन् लायसन गेलं तर?"

त्या चार शब्दांत सगळे होते. ट्रकचे कर्ज, धाकट्या मुलीचे कॉलेज, आणि दुसरे कोणतेही काम न शिकलेले आयुष्य. मालवाहतुकीच्या लायसनचे नूतनीकरण २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर पाच वर्षांनी होते आणि त्याला वैद्यकीय दाखला लागतो. तो दाखला अनेकांना तपासणी वाटत नाही, संकट वाटते. बल्ब बदलणे सोपे असते ते याचसाठी. दोष गाडीचा ठरतो, आपला ठरत नाही.

शेवटी वहिनींनी निकाल लावला. त्या एवढेच म्हणाल्या, "लायसन गेलं तर बगू. तुम्ही रातच्याला निघाला की मी पहाटेपर्यंत फोनकडं बघत बसते, त्याचं काय?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात निघाली, उजव्यात जास्त. डॉक्टरांनी सांगितले की शस्त्रक्रियेनंतर दृष्टी तपासून गाडी चालवण्याबद्दल ठरवता येईल. तोवर रात्री चालवायचे नाही. सध्या थोरला मुलगा वाशीची फेरी करतो आणि अण्णा दिवसाची जवळची भाडी घेतात. उत्पन्न कमी झाले आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. उजव्या डोळ्याची तारीख ठरली आहे.

एलईडीचा हट्ट धरणाऱ्या त्या मुलाने परवा मला एक गोष्ट सांगितली. उसाचा हंगाम सुरू झाला की कराडच्या पुढे ट्रॉल्यांची रांग लागते, आणि त्यातल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल दिवा तर सोडाच, चकाकणारी पट्टीसुद्धा नसते. एका रात्री त्याला अशी ट्रॉली डिपरच्या झोतात वेळेवर दिसली. ६० च्या वेगाने भरलेला ट्रक थांबायला, पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरून, साठेक मीटर लागतात. तो थांबला तेव्हा मधे फार अंतर उरले नव्हते. त्याने खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याला शिव्या दिल्या नाहीत. केबिनमध्ये लाल पट्टीचे एक बंडल होते, त्यातली हातभर पट्टी कापून त्याने ट्रॉलीच्या मागे दोन्ही बाजूंना चिकटवून दिली आणि पुढे निघाला.