फुगे झाकून वेताळ

अंबाजोगाईत एखाद्या रद्दीवाल्याकडे 'इंद्रजाल कॉमिक्स'चा जुना मराठी अंक सापडलाच, तर मुखपृष्ठावर भाळू नका. ती रंगीत, झकास मुखपृष्ठं बरीचशी बी. गोविंद यांची; आतली चित्रं भलत्याच हातची. १९६४ साली सुरू झालेल्या या मालिकेत वेताळ या नायकाच्या गोष्टी ली फॉक यांच्या. पण चित्रकारांपैकी विल्सन मॅकॉय यांची रेघ साधी, जवळजवळ बाळबोध, तर साय बॅरी यांची भरीव, छायाप्रकाशाची. शिवाय वर्तमानपत्रातल्या पट्ट्या पानात बसवताना चौकटींना कात्री लागे. त्याचा दोष चित्रकाराला देऊ नये. पारख करायची तर संवादांचे फुगे बोटानं झाकून पानं उलटा. तरीही गोष्ट कळली, तर चित्रं कामाची. या परीक्षेत मला देखण्या बॅरींपेक्षा बाळबोध मॅकॉयच सरस वाटतात.