मत्स्यविनोद

ज्या घरांत मत्स्याचें दर्शन दशावतारांच्या चित्रांतच काय तें घडतें, त्या घरीं जाणाऱ्या मासिकांत गळानें मासे धरण्याच्या छंदावर लेख यावा, हें कित्येक वाचकांस, आणि त्याहून अधिक वाचकभगिनींस, विचित्र वाटेल. तथापि प्रस्तुत विषय पाकशास्त्राचा नसून नदीचा आहे. जळगांव-धुळ्याकडील आम्हां लोकांस तापी, गिरणा, पांझरा हीं नांवें लहानपणापासून परिचयाचीं. परंतु त्यांच्या पाण्यांत गुडघाभर उतरून तळाशीं काय चाललें आहे हें न्याहाळणारा मनुष्य शंभरांत एक तरी सांपडेल कीं नाहीं, याची शंकाच आहे. ज्या एका करमणुकींत हें न्याहाळणें अपरिहार्य होतें, तिची ओळख करून देण्याचा येथें विचार आहे.

हा छंद साहेबांनीं आपणांस शिकविला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नव्हे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा विश्वकोशासारखा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांत राजाच्या विनोदांची जी विंशति आहे, तींत ‘मत्स्यविनोद’ हें स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या सुमारें पस्तीस जाती, त्या समुद्रांतल्या कीं नदींतल्या, खवल्यांच्या कीं बिनखवल्यांच्या, कोणत्या माशास कोणतें आमिष रुचतें, ठराविक जागीं खाऊं घालून त्यांस तेथें कसें वळवावें, हा सर्व तपशील तेथें आला आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेल्या या ग्रंथाचा पहिला खंड १९२५ सालीं निघाला. आणि प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं मत्स्यविनोदाच्या प्रकरणावर लेख लिहून त्यांतील निरीक्षणाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. आपल्या पूर्वजांस मासा ठाऊक नव्हता असें नाहीं. आपणच त्यास विसरलों.

सोमेश्वराचा भर खऱ्या आमिषावर आहे. कृत्रिम माशीची युक्ति पश्चिमेकडची, पण तीही बरीच जुनी. ईलियन नांवाच्या रोमन लेखकानें इ. स. २०० च्या सुमारास मॅसिडोनियांतील एका नदीचें वर्णन केलें आहे. तेथील लोक आंकड्यावर तांबडी लोंकर गुंडाळून तिला कोंबड्याचीं दोन पिसें बांधीत व ती पाण्यावर टाकीत. मासा खरी माशी समजून तिजवर झडप घाली. इंग्लंडांत आयझॅक वॉल्टन यानें १६५३ सालीं गळाच्या छंदावर लिहिलेल्या ग्रंथास त्याचा मित्र चार्ल्स कॉटन यानें १६७६ सालीं माशीचें प्रकरण जोडलें, आणि तेव्हांपासून माशीनें मासा धरण्याची ही कला त्या देशांत सुशिक्षितांच्या छंदांत गणली जाऊं लागली.

तिची खुबी अशी आहे. साध्या गळास वजन बांधतात आणि त्या वजनाच्या जोरावर दोरी लांब जाते. पिसें, केस व रेशीम यांची केलेली माशी मात्र इतकी हलकी असते कीं ती फेंकून चार हातसुद्धां जाणार नाहीं. म्हणून येथें दोरीच जड करितात व माशीजवळ ती बारीक होत होत एका पारदर्शक तंतूवर संपते. काठी मागें नेली म्हणजे दोरी मागें हवेंत पुरती उलगडूं द्यावयाची, आणि उलगडली त्याच क्षणीं काठी पुढें आणावयाची. मग दोरीचा एक वेढा पुढें धांवत जातो व माशी अलगद पाण्यावर उतरते. घाई केली तर दोरीचा आसूड वाजून माशी तुटते. उशीर केला तर दोरी पाठीमागें गळून पडते. वृत्तांत मात्रा कमीजास्त झाली कीं श्लोक अडखळतो, तसाच हा प्रकार. पूर्वीं या काठ्या बांबूच्या कांबी चिकटवून करीत. आतां कर्बतंतूंच्या येतात.

परंतु हात कितीही तयार झाला तरी नदीचें ज्ञान असल्यावांचून मासा येत नाहीं. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागच्या, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगानें जावें लागतें. तो काय खातो हें कळण्यासाठीं पाण्यांतला धोंडा उलटून पाहावा लागतो. धोंड्याच्या खालीं एका जातीची अळी वाळूचे कण रेशमासारख्या धाग्यानें जोडून स्वतःभोंवतीं नळीसारखें घर बांधून राहिलेली दिसते. दुसऱ्या एका किड्याचें बाल्य महिनोन्महिने पाण्यांत जातें, आणि पंख फुटल्यावर त्यास कांहीं तास किंवा फार तर एकदोन दिवस मिळतात; तेवढ्यांत खाण्यासाठीं त्यास उपयोगी असें तोंडही नसतें. अशा किड्यांच्या कित्येक जाती पाणी घाण झालें कीं प्रथम नाहींशा होतात. म्हणून पाण्याची परीक्षा करणारे शास्त्रज्ञही आधीं त्यांसच शोधतात. सावलीचेंही तसेंच. कांठच्या उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज या झाडांमुळें पाणी थंड राहतें. थंड पाण्यांत प्राणवायु अधिक विरघळतो. वरून किडे व फळें पडतात. आपल्याकडील महासीर मासा पाण्यांत पडलेलीं उंबरें आवडीनें खातो व घशांतील दातांनीं शिंपल्यासुद्धां फोडतो. थोडक्यांत, कांठचें झाड तोडलें म्हणजे माशाच्या डोक्यावरचें छप्पर आणि पानांतला घांस, दोन्ही गेलीं.

सातपुड्याच्या पायथ्याशीं पावसाळा सरल्यावर कार्तिक-मार्गशीर्षांत स्वच्छ वाहणारे कांहीं ओढे अद्याप आहेत. यावलचें अभयारण्य १९६९ चें व अनेरचें १९८६ चें. त्यांच्या हद्दींत गळ टाकावयाचा नाहीं, म्हणून माझे तिघे जुने विद्यार्थी हद्दीबाहेरच्या ओढ्यांवर जातात आणि मजही बरोबर नेतात. पाण्यांत चालण्याचे त्यांचे नियम ऐकण्यासारखे आहेत. शेवाळलेल्या धोंड्यांवर पाय उचलून टाकूं नये, सरकवीत न्यावा. हातांत काठी असावी व ती प्रवाहाच्या वरच्या बाजूस टेकावी. ओढ असेल तेथें दोघांनीं हात धरून, अंगानें भारी असेल त्यानें वरच्या अंगास राहून पलीकडे जावें. आणि मित्राच्या वरच्या बाजूस पाण्यांत उतरून त्याचें पाणी गढूळ करूं नये. बोलण्यास हरकत नाहीं, कारण हवेंतला आवाज पाण्यांत फारसा शिरत नाहीं. पण धोंड्यावर धोंडा आदळला कीं सर्व मासे दिसेनासे होतात. हाताला येतो तो मासा वीतभरही नसतो. तरी दुपारपर्यंत चार माणसें एका डोहाभोंवतीं भांडणावांचून उभीं राहतात, हें थोडें नव्हे.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. खाण्यासाठीं नव्हे, केवळ मौजेसाठीं जिवाच्या ओठांत आंकडा रुतवावा, हें कोणत्या धर्मांत बसतें? ज्यांचें पोट नदीवर आहे त्या भोई-कोळ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या जाळ्यास बोल लावण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पण हौसेच्या गळाचें समर्थन ‘मासा पुन्हां सोडून देतों’ एवढ्यानें पुरतें होत नाहीं. माशास दुखत नाहीं असें पूर्वीं सांगत; २००३ सालीं ब्रिटनमधील संशोधकांनीं ट्राउट माशाच्या डोक्यावर व तोंडाभोंवतीं इजेची जाणीव देणारे ज्ञानतंतु असल्याचें दाखवून दिलें. आमच्यांतील एकानें यावर आपल्यापुरता तोड काढिला आहे. तो माशीच्या आंकड्याचें टोंक कानशीनें घासून टाकतो. मासा येतो, माशी तोंडांत धरतो आणि फसवणूक कळतांच टाकून निघून जातो. तेवढा एक हिसका हातास पुरतो. मला हा विनोद सोमेश्वराच्या विनोदाहून श्रेष्ठ वाटतो. आपल्याच लोकांनीं महाडनजीक काळ नदीवर वाळणकोंडीं व वाडा तालुक्यांत वैतरणेवर तिळशास देवाचे म्हणून महासीर राखले आहेत. तेथें गळ नाहीं, तरी मासा पाहण्याचा आनंद पुरेपूर आहे.

मासा पाहणाराच त्यास नांव देतो. मुंबई सरकारच्या सेवेंतील कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां मराठी बोलणाऱ्या मच्छीमारांचेच शब्द उचलून त्यानें लॅटिन नांवें घडविलीं. शिंगटी, कोळस, खुदरी हे शब्द अशा रीतीनें जगाच्या प्राणिशास्त्रांत जाऊन बसले. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत मिळालेल्या महासीराचें शास्त्रीय नांव आजही ‘टॉर खुद्री’ असेंच आहे. ज्या शब्दांस लंडनच्या पंडितांनीं मान दिला, ते आपल्या मुलांस एका तरी पाठ्यपुस्तकांत भेटतात काय?

आणि शब्दांमागची वस्तु तरी किती दिवस राहणार? महासीर पावसाळ्यांत प्रवाहाच्या उलट वर चढतो व खडीवाळूच्या तळावर अंडीं घालतो. तापीवर १९७२ सालीं गुजरातेंत उकाईचें व १९८२ सालीं आपल्या जिल्ह्यांत हतनूरचें धरण झालें. त्यांनीं पाणी व वीज दिली, तें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु नदींत वर चढणाऱ्या माशाच्या वाटेंत भिंत उभी राहिली, हेंही तितकेंच खरें. शिवाय गांवांचें सांडपाणी आणि पात्रांतून उपसली जाणारी वाळू, यांपुढें अंड्यांनीं राहावें कोठें? धरण फुटलें तर वर्तमानपत्रांत येतें. नदींतून एक जात नाहींशी झाली तर तिचें सुतक कोणास?

यावर केवळ उत्साह पुरत नाहीं, हें कावेरीनें दाखविलें आहे. कावेरीची उपनदी कबिनी हींत १९४६ सालीं १२० पौंड वजनाचा महासीर गळास लागला होता. मासे कमी होऊं लागले तेव्हां लोणावळ्यास टाटांच्या केंद्रांत १९७० नंतर कृत्रिम रीतीनें वाढविलेलीं दख्खनी महासीराचीं पिल्लें सद्धेतूनें कावेरींतही सोडण्यांत आलीं. तीं वाढलीं, परंतु कावेरीचा स्वतःचा कुबडा महासीर दिवसेंदिवस दुर्मिळ झाला, आणि त्यास स्वतंत्र शास्त्रीय ओळख मिळाली तें वर्ष २०१८. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय संघानें त्यास अतिसंकटग्रस्त ठरविलें. शास्त्रानें त्यास नेमकें ओळखण्यापूर्वींच त्याच्या घरीं दुसरा पाहुणा जाऊन राहिला होता. प्रत्येक नदीचा मासा वेगळा. तो आधीं ओळखावा, मग उपकार करावा.

म्हणून सर्वांनीं काठ्या विकत घ्याव्या असा माझा आग्रह नाहीं. येत्या मार्गशीर्षांत एखाद्या रविवारीं मुलांस घेऊन जवळच्या स्वच्छ ओढ्यावर जावें. घोट्याएवढ्या पाण्यांत उतरून एक धोंडा हलकेच उलटावा, खालचें वाळूचें घर मुलांस दाखवावें आणि धोंडा होता तसा ठेवावा. कांठीं एखादा वयस्क भोई भेटला तर या पाण्यांत कोणकोणते मासे आहेत हें त्यास आदरानें विचारावें व तीं नांवें तारखेसह वहींत उतरून घ्यावीं. पुढच्या वर्षीं पुन्हां तेंच करावें. एखाद्या वर्षीं एखादें नांव त्या वहींत येईनासें झालें, तर तें लक्षांत येण्यास घरांत कोणी तरी असेल.